लाकडी सामानाचे रंगकाम आणि टिकाऊपणाची बदलती कल्पना : लाखेपासून एनॅमलपर्यंत

सारांश

लाकडी सामानाला दिलेला रंग टिकावा, ही अपेक्षा जुनी आहे. परंतु ‘टिकणे’ म्हणजे नेमके काय, याचा अर्थ प्रत्येक काळात सारखा राहिलेला नाही. प्रस्तुत लेखात पश्चिम भारतातील लाखकाम, एकोणिसाव्या शतकातील चपड्याचे पॉलिश, तेलरंग आणि विसाव्या शतकातील एनॅमल अशा चार टप्प्यांतून या कल्पनेचा मागोवा घेतला आहे. रंगाचा टिकाऊपणा हा केवळ रंगद्रव्याचा गुण नसून लाकडाची पूर्वतयारी, लेपाची दुरुस्तीक्षमता आणि घरातील देखभालीची रीत यांवर तो अवलंबून असतो, तसेच पृष्ठभागाच्या टिकाऊपणाचा विचार करताना त्या पृष्ठभागाला स्पर्श करणाऱ्या माणसाचा, विशेषतः बालकाचा, विचार दीर्घकाळ बाजूला राहिला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : लाख, चपडा, चितारी, बेलतेल, शिसे, एनॅमल, टिकाऊपणा.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील सामान्य घरातील लाकडी सामानाची यादी फार मोठी नव्हती. पाट, चौरंग, देव्हारा, फडताळ, पेटी, पलंग, झोपाळा, पाळणा आणि पांगुळगाडा एवढ्या वस्तूंमध्ये ती बहुधा संपत असे. यांतील बऱ्याच वस्तू एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात. त्यांना सणावाराला किंवा घरातील मंगलप्रसंगी पुन्हा रंग दिला जाई. या रंगकामाकडे कलेच्या इतिहासात कारागिरी म्हणून आणि उद्योगाच्या इतिहासात उत्पादन म्हणून पाहिले गेले आहे. घरातील व्यवहार म्हणून त्याच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः लेप कशाचा, तो कोणी द्यायचा, किती वर्षांनी पुन्हा द्यायचा आणि जुन्या लेपाचे काय करायचे, या साध्या प्रश्नांच्या उत्तरांत तंत्रज्ञान, बाजारपेठ आणि सार्वजनिक आरोग्य यांचा इतिहास एकत्र आलेला आढळतो. प्रस्तुत लेखाची मांडणी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून विवेचन मुख्यत्वे कोकण, गोवा आणि मुंबई या प्रदेशांच्या संदर्भात केले आहे. शिशाच्या प्रश्नापुरता बाहेरील देशांचा आधार घेतला आहे.

२. लाखेचा लेप : कातारी आणि चितारी

पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वाढणाऱ्या सूक्ष्म कीटकांच्या स्रावापासून लाख मिळते. महाभारतातील लाक्षागृहाच्या कथेवरून या द्रव्याची ओळख भारतीयांना किती जुनी आहे हे कळते. सोळाव्या शतकातील गोव्याच्या संदर्भात तिचे अधिक नेमके उल्लेख मिळतात. गार्सिया द ओर्ता याच्या १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या औषधी द्रव्यांवरील ग्रंथात लाखेवर स्वतंत्र संवाद आहे. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात पलंग, खुर्च्या आदी कातीव सामानावर रंगीत लाखेचा लेप चढविण्याच्या रीतीचे वर्णन केले आहे. घरगुती लाकडी सामानाला रंगीत व चकचकीत लेप देण्याची पद्धत चार शतकांपूर्वी येथे रूढ होती, असे यावरून म्हणता येते.

ही रीत तांत्रिकदृष्ट्या लक्षणीय आहे. वस्तू सांगाड्यावर वेगाने फिरत असताना कातारी रंग मिसळलेली लाखेची कांडी तिच्यावर दाबून धरतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. त्यानंतर केवड्यासारख्या चिवट पानाने तो थर एकसारखा करून त्याला झिलई आणतात. येथे ब्रशाची गरज नसते आणि वाळण्याची वाट पाहावी लागत नाही. थंड होताच लेप कठीण होतो. परंतु याच कारणामुळे ही पद्धत गोल आणि कातीव भागांपुरती मर्यादित राहते. पाळण्याचे दांडे, पलंगाचे पाय, खेळणी यांना ती चालते. पाटाच्या किंवा चौरंगाच्या सपाट फळीला चालत नाही.

सपाट पृष्ठभागासाठी वेगळे कौशल्य लागे आणि ते चिताऱ्याकडे होते. सावंतवाडीचे चितारी आणि गोव्यातील कुंकळ्ळीचे चितारी यांची कामे या संदर्भात प्रसिद्ध आहेत. सावंतवाडी संस्थानात तिसरे खेम सावंत यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळात, तेलंगणातून आलेल्या विद्वानांबरोबर गंजिफा तेथे आली, असे परंपरेने मानले जाते. गंजिफाच्या पानांसाठी कापडावर चिंचोक्याची खळ आणि खडू यांचे थर देऊन ते घोटले जात, त्यावर चित्रे काढली जात आणि लाखेचा लेप दिला जाई. पाट, चौरंग, पेट्या यांवरील चित्रकामही याच कारागिरांच्या हातचे. आधार, रंग आणि संरक्षक लेप हे तीन स्वतंत्र थर आहेत, आणि वरच्या थराचे आयुष्य खालच्या थराच्या तयारीवर अवलंबून असते, हा रंगकामाचा मूलभूत नियम या प्रक्रियेत स्पष्ट दिसतो. विसाव्या शतकात ही कला लोप पावण्याच्या मार्गावर असताना शिवरामराजे भोसले व राजमाता सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी तिच्या पुनरुज्जीवनाचा प्रयत्न केला आणि राजवाड्यातच कारागिरांना काम मिळवून दिले.

लाखेच्या लेपाला मर्यादा होत्या. गरम भांड्याने तो मऊ पडे आणि पाणी साचल्यास पांढुरका होई. तथापि, तो पुन्हा तापवून सारखा करता येई. टिकाऊपणाचा येथील अर्थ ‘न बिघडणे’ असा नसून ‘बिघडले तरी सुधारता येणे’ असा होता. मात्र या परंपरेचे सरसकट उदात्तीकरण करणे योग्य ठरणार नाही. भारतातील लाखकामात पिवळ्या रंगासाठी हरताळ, तांबड्यासाठी हिंगूळ वा शेंदूर आणि पांढऱ्यासाठी सफेदा वापरला जाई. हरताळात सोमल, हिंगुळात पारा आणि शेंदूर व सफेदा यांत शिसे असते. विषारी रंगद्रव्ये ही केवळ आधुनिक कारखान्यांची देणगी नव्हती. फरक प्रमाणाचा आणि प्रसाराचा होता.

३. चपड्याचे पॉलिश आणि मुंबईचे शिसवी सामान

एकोणिसाव्या शतकात लाखेचा उपयोग एका नव्या रूपात होऊ लागला. शुद्ध करून पातळ पापुद्र्यांच्या स्वरूपात मिळणारा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने लाकडावर घासून चढविण्याची रीत युरोपात त्या शतकाच्या आरंभी रूढ झाली. ‘फ्रेंच पॉलिश’ या नावाने ती भारतात आली. लाख मात्र बहुतांशी भारतातूनच युरोपात जात असे. आपल्याकडील द्रव्य परदेशी तंत्राच्या रूपाने परत आले, असा हा प्रवास आहे. १८५६ नंतर कृत्रिम रंगांचा शोध लागल्यावर लाखेपासून मिळणाऱ्या तांबड्या रंगाची बाजारपेठ कोसळली. परंतु पॉलिश, व्हार्निश आणि पुढे ग्रामोफोनच्या तबकड्या यांसाठी चपड्याची मागणी वाढत गेली. १९२४ मध्ये रांचीजवळील नामकुम येथे लाखेच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली, यावरून या व्यापाराचे महत्त्व ध्यानात येते.

मुंबईत याच काळात कोरीव शिसवी सामानाचा व्यवसाय भरभराटीस आला होता. शिसवी व सागवानी लाकडाचे सौंदर्य त्याच्या नैसर्गिक रेषांमध्ये असते. त्यामुळे ते झाकणारा रंग न देता त्या रेषा उठून दिसतील असे पारदर्शक पॉलिश देण्याची रुची नव्या शहरी वर्गात निर्माण झाली. यातून सामानाची सामाजिक विभागणी झाली. दिवाणखान्यातील शिसवी कोचाला पॉलिश आणि स्वयंपाकघरातील किंवा माजघरातील साध्या लाकडाच्या फडताळाला रंग, अशी ती विभागणी होती. ‘रंग दिलेले सामान’ हे क्रमाने कमी प्रतीच्या लाकडाचे लक्षण मानले जाऊ लागले. चिताऱ्याच्या पाटाला जो मान होता, तो साध्या रंगवलेल्या कपाटाला राहिला नाही.

चपड्याच्या पॉलिशचा विशेष असा की, नवा थर जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. ओरखडा पडला तर तेवढाच भाग स्पिरिटने सुधारता येतो. लाखेच्या लेपाचा दुरुस्तीक्षमतेचा गुण येथेही कायम राहिला. पुढे रंगाऱ्यांच्या कामातही चपड्याला स्थान मिळाले. लाकडाच्या गाठींतून पाझरणारा चीक वरचा रंग डागाळू नये म्हणून त्या गाठींवर आधी चपड्याचा हात फिरवण्याची रीत आजही चांगल्या कामात पाळली जाते.

४. तेलरंग : बेलतेल आणि शिसे

साध्या लाकडाला रंग देण्यासाठी एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेलरंग वापरला जाई. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते आणि त्याचा चिवट पापुद्रा तयार होतो. ते लवकर वाळावे म्हणून मुरदाडशिंगासारख्या शिशाच्या संयुगाबरोबर उकळत. बाजारात ते बेलतेल म्हणून ओळखले जाई. या तेलात सफेदा किंवा इतर रंगद्रव्य घोटून आणि टर्पेंटाइनने पातळ करून रंग सिद्ध होई. खाचा-भेगा भरण्यासाठी खडूची पूड बेलतेलात मळून लांबी तयार केली जाई.

तेलरंगाच्या कामाचा क्रम आजही उपयुक्त आहे. लाकूड पूर्ण सुकलेले असावे. ते रेषांच्या दिशेने घासून गुळगुळीत करावे. गाठी बंद कराव्यात. अस्तराचा पातळ हात द्यावा. लांबी भरून पुन्हा घासावे आणि नंतर दोन किंवा तीन पातळ हात द्यावेत. खालचा हात कमी तेलाचा आणि वरचा अधिक तेलाचा असावा. हा क्रम उलटल्यास खालचा मऊ थर वाळताना हलतो आणि वरच्या कठीण थराला तडे जातात. कोकणासारख्या दमट प्रदेशात या क्रमाला विशेष महत्त्व होते. पावसाळ्यात लाकूड ओलावा घेऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. फळीच्या टोकांकडून ओलावा सर्वाधिक शिरतो. ती टोके कोरी राहिल्यास रंग कितीही चांगला असला तरी तो आतून सुटतो. अनेकदा रंगाच्या माथी मारला जाणारा दोष वस्तुतः पूर्वतयारीचा असतो.

शिशाचा वापर केवळ स्वस्ताईसाठी नव्हता. सफेदा आणि जवसाचे तेल यांच्या संयोगातून शिशाचे साबणासारखे क्षार तयार होतात व त्यामुळे लेप लवचीक आणि जलरोधक बनतो. शिसेयुक्त रंग खरोखरच टिकाऊ होता, आणि त्याला हटविणे कठीण जाण्याचे हे एक मोठे कारण होते. ज्या गुणामुळे तो लाकडावर टिकला, त्याच गुणामुळे त्यातील विषही घरात टिकून राहिले.

या धोक्याची जाणीव परदेशात लवकर झाली होती. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील डॉक्टर जे. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्ये मुलांमधील शिसेविषबाधेचा संबंध घरांच्या व्हरांड्यांवरील व कठड्यांवरील रंगाशी जोडला. क्वीन्सलँडमध्ये १९२२ मध्ये अशा रंगावर काही निर्बंध आले. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सफेद्याविषयी करार स्वीकारला. त्याचा भर इमारतींच्या अंतर्भागातील रंगकामावर आणि रंगाऱ्यांच्या संरक्षणावर होता. घरातील सामान त्याच्या कक्षेत नव्हते. कायद्याने प्रथम रंगाऱ्याचा विचार केला. रंगवलेल्या पाळण्याचा कठडा चोखणाऱ्या मुलाचा विचार त्या करारात आला नाही.

५. डब्यातील रंग : एनॅमल आणि घरगुती रंगकाम

भारतात कारखान्यात रंग तयार करण्याच्या उद्योगाचा आरंभ १९०२ मध्ये हावड्याजवळ शालिमारच्या कारखान्याने झाला. मुंबईत १९२० मध्ये लोअर परळ येथे गहागन पेंट्स हा कारखाना सुरू झाला. तोच पुढे नेरोलॅक या नावाने परिचित झाला. दुसऱ्या महायुद्धात आयातीवर निर्बंध आले असताना १९४२ मध्ये मुंबईच्या गिरगावातील गायवाडीत चार मित्रांनी एशियन पेंट्सची सुरुवात केली. या कंपनीने लहान डबे लहान गावांपर्यंत नेले. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पोळ्याला बैलांची शिंगे रंगविण्यासाठी हे छोटे डबे खपत, असे सांगितले जाते. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी या कंपनीसाठी हातात ब्रश घेतलेला ‘गट्टू’ रेखाटला. ब्रश हातात असलेला हा खट्याळ मुलगा जवळजवळ पाच दशके घरगुती रंगकामाचे प्रतीक बनून राहिला.

या काळातील रंगाचे रसायनही बदललेले होते. १९२० च्या दशकात अमेरिकेत रॉय कीनल यांनी अल्किड राळ विकसित केली. वाळणारे तेल आणि कृत्रिम राळ यांच्या संयोगातून बनलेले एनॅमल तेलरंगापेक्षा लवकर वाळे, अधिक चकाके आणि पाण्याने पुसता येई. सर्वांत मोठा बदल वापरातील सुलभतेचा होता. तेल उकळणे, रंग घोटणे ही कामे संपली. डबा उघडून ढवळले, थोडे टर्पेंटाइन घातले की रंग तयार. रंगाऱ्याचे काम घरातील कोणालाही करता येईल, असा विश्वास या डब्याने दिला. दिवाळीपूर्वी पाट, खुर्च्या, खिडक्या घरीच रंगविण्याची रीत मध्यमवर्गात रुजली ती याच काळात.

परंतु सुलभतेबरोबर पूर्वतयारीचे ज्ञान मागे पडले. जुन्या रंगावरच नवा जाड हात देण्याची सवय लागली. एनॅमल वरून आत वाळत जाते. थर जाड असल्यास वरचा पापुद्रा आधी घट्ट होतो, आतला भाग ओला राहतो आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. शिवाय एनॅमलचा पापुद्रा फुटला की तेवढाच भाग बेमालूम जोडता येत नाही. पूर्ण वस्तू घासून पुन्हा रंगवावी लागते. लाख आणि चपडा यांच्या बाबतीत टिकाऊपणाचा आधार दुरुस्ती हा होता. एनॅमलच्या बाबतीत तो कठीणपणा झाला. ‘टिकाऊ’ या एकाच शब्दाखाली दोन भिन्न कल्पना वावरत होत्या, आणि त्यांतील दुसरीने पहिलीची जागा घेतली.

६. शिशाचा दीर्घ मुक्काम

टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे रंगद्रव्य पहिल्या महायुद्धाच्या सुमारास व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागले आणि त्याने क्रमाने सफेद्याची जागा घेतली. भारतात १९४६ मध्ये त्रिवेंद्रम येथे त्याच्या उत्पादनासाठी त्रावणकोर टायटॅनियम प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली. तथापि, सफेदा गेला म्हणून शिसे गेले नाही. पिवळ्या, नारिंगी व तांबड्या छटांसाठी आणि त्यांपासून बनणाऱ्या हिरव्या छटांसाठी शिशाची क्रोमेट संयुगे, तसेच रंग लवकर वाळण्यासाठी शिशाचे क्षार वापरात राहिले. परिणामी, मुलांना आवडणाऱ्या भडक रंगांतच शिशाचे प्रमाण अधिक असण्याची शक्यता होती. पाळणा, पांगुळगाडा, लहान खुर्ची या वस्तू नेमक्या याच रंगांत रंगविल्या जात.

अमेरिकेने घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगांवर १९७८ मध्ये बंदी घातली. भारतात बंधनकारक मर्यादा येण्यास आणखी जवळजवळ चार दशके लागली. २००७ मध्ये दिल्लीतील ‘टॉक्सिक्स लिंक’ या संस्थेने भारतीय बाजारातील रंगांतील शिशाकडे लक्ष वेधले. केंद्र शासनाने १ नोव्हेंबर २०१६ रोजी अधिसूचित केलेल्या नियमांनुसार घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा अधिक असू नये असे ठरले आणि हे नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलात आले. औद्योगिक वापराचे रंग या नियमांच्या कक्षेत नाहीत. म्हणून सामानासाठी डबा निवडताना त्यावरील वापराचा व शिशाच्या प्रमाणाचा उल्लेख पाहणे आवश्यक ठरते.

या प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० मधील अहवालाच्या अंदाजानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण दर डेसिलीटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक होते. त्यांत भारतातील मुलांची संख्या सुमारे २७.५ कोटी होती. यास रंग हे एकमेव कारण नाही. बॅटऱ्यांचे अनियंत्रित पुनर्चक्रण, भांडी, मसाल्यांतील भेसळ अशीही कारणे आहेत. परंतु शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले असल्याने प्रत्येक कारण स्वतंत्रपणे महत्त्वाचे ठरते. बालकाच्या मेंदूची वाढ होत असताना शिशाने केलेली हानी बहुतांशी भरून येत नाही.

येथे कायद्याची एक स्वाभाविक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. २०१७ चा निर्बंध नव्या डब्याला लागू होतो. घरात आधीच असलेल्या जुन्या थराला नाही. वडिलोपार्जित पाळणा नव्या बाळासाठी रंगवावयास काढला जातो, तेव्हा जुना रंग कोरड्या काचपेपरने घासला जातो. त्यातून उडणारी धूळ दिसेनाशी होते. पण ती जमिनीवर, अंथरुणावर आणि मुलाच्या हातावर बसते. ज्या प्रेमाने वस्तू जपली, त्याच प्रेमाने केलेल्या कामातून अपाय होण्याचा संभव निर्माण होतो. म्हणून जुना रंग शक्यतो कोरडा घासू नये. तो ओला ठेवून पाण्याच्या पॉलिशपेपरने घासावा, गर्भवती स्त्रिया व मुले यांना त्या जागेपासून दूर ठेवावे, जागा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी आणि निघालेला गाळ बंद पिशवीत ठेवावा. मुलाच्या तोंडाशी येणाऱ्या वस्तूचा जुना रंग संशयास्पद असेल, तर ती वस्तू वापरात न आणता केवळ आठवण म्हणून जपणे अधिक श्रेयस्कर होय.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, लाकडी सामानावरील लेपाचा टिकाऊपणा हा एकट्या रंगाचा गुण नाही. सुकलेले लाकूड, घासाई, अस्तर, पातळ हात आणि वाळण्यास दिलेला अवधी हे घटक चिताऱ्याच्या काळात जितके निर्णायक होते, तितकेच ते एनॅमलच्या काळातही आहेत. दुसरी, लाख आणि चपडा यांच्या परंपरेत टिकाऊपणा म्हणजे दुरुस्तीची शक्यता होती. कारखानदारी रंगाने त्याचा अर्थ पृष्ठभागाचा कठीणपणा असा केला. त्यामुळे वस्तू सुधारण्यापेक्षा ती पुन्हा झाकण्याची सवय वाढली. तिसरी, परंपरेतही विषारी रंगद्रव्ये होती. म्हणून प्रश्न जुने विरुद्ध नवे असा मांडता येत नाही. टिकाऊपणाचे मोजमाप करताना कोणाचा विचार केला गेला, असा तो प्रश्न आहे.

ब्रिस्बेनमधील १९०४ चे निरीक्षण आणि भारतातील २०१७ चा निर्बंध यांच्यामध्ये ११३ वर्षांचे अंतर आहे. या अवधीत ज्ञान उपलब्ध नव्हते असे नाही. रंग किती वर्षे टिकतो हे विचारले गेले. तो कोणाच्या हाताला लागतो हे क्वचितच विचारले गेले. पाळण्याचा रंग पाळण्याइतका टिकावा, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु पाळण्यातील मुलाचे आरोग्य ही त्या टिकाऊपणाची पहिली अट असली पाहिजे.